कातळावरचा कांदा आणि मोबाईलमधली रानलसूण

लांजा तालुक्यातून आलेला प्रश्न: "मोबाईलवर पाहिलं की रानलसूण रक्तदाबावर आणि कोलेस्टेरॉलवर गुणकारी असते. आमच्या कातळावर पहिल्या पावसात पात वर येते, खाली पांढरा कांदा असतो. तीच का ही? खाल्ली तर चालेल? लागवड करता येईल?"

आधी एवढंच सांगतो, खाऊ नका. वाळवून चूर्ण केलं असेल तर तेही टाकून द्या.

व्हिडिओतली रानलसूण युरोपातल्या थंड, सावलीच्या जंगलांतली. तिची पानं रुंद, फुलं चांदणीसारखी पांढरी. तिकडे पानं चटणीत नि सूपमध्ये घालतात. आपल्या तापलेल्या कातळावर ती येणार नाही. तुमचं वर्णन कोळकांद्याशी जुळतं. उन्हाळ्यात पानांशिवाय नुसता फुलांचा दांडा येतो आणि पात पावसात फुटते, असं असेल तर माझा संशय बळावतो. कोळकांद्यात हृदयाच्या ठोक्यांवर थेट परिणाम करणारी द्रव्यं असतात. आधी मळमळ, उलट्या होतात आणि पुढे ठोके बिघडतात. चीक लागला तर हाताला खाजही सुटते. "पण आयुर्वेदात आहे की!" हे मला दर पावसाळ्यात ऐकवलं जातं. आहे, पण वैद्याच्या हातात आणि ठरलेल्या मात्रेत. कढईत नव्हे.

वासाने ओळखता येईल का? लसणाच्या जातीचं पान चुरगळलं की लसणाचा वास येतोच, आणि वास नसेल तर ती लसूण नाही. मात्र एकदा लसूण हाताळली की पुढच्या प्रत्येक पानाला तोच वास लागतो, म्हणून हात धुऊन पाहा. युरोपात रानलसूण समजून दुसरीच विषारी पानं खाल्ल्याने माणसं दगावली आहेत. त्यांतल्या एका झाडातलं कोल्चिसिन हे विष आपल्या कुंपणावरच्या कळलावीतही असतं. चुकून काही खाल्लंच, तर उलटी काढत बसू नका. कंद पिशवीत घ्या आणि 108 ला फोन करून रुग्णालय गाठा.

आता गुणाचं. रानलसणीत जी गंधकयुक्त द्रव्यं असतात, तशीच आपल्या साध्या लसणीतही असतात. लसूण ठेचली की तिखट वासाचं ॲलिसिन तयार होतं, म्हणून ठेचून दहा मिनिटं ठेवा, मग फोडणीत घाला. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल थोडं उतरू शकतं, पण ते थोडंच. त्यासाठी गोळ्या बंद करू नका. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर लसणीच्या कॅप्सूल किंवा रोज भरपूर कच्ची लसूण घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. कच्ची लसूण कातडीवर बांधून ठेवू नका, भाजल्यासारखे फोड येतात. आणि तेलात बुडवलेली लसूण बरणीत महिनोन्महिने बाहेर ठेवणं धोक्याचं आहे. फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा.

लागवडीचं म्हणाल, तर कोकणात लसणीचे गड्डे लहानच राहतात, हवा दमट आणि थंडी कमी. पण भात निघाल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात परसात वाफा करून पाकळ्या लावल्या, तर पात छान मिळते. तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, सुक्क्यात ती घालून पाहा.

कातळावरचा कांदा मात्र पानाफुलांसकट उपटून कागदात गुंडाळा आणि तालुका कृषी कार्यालयात घेऊन या. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मी त्याला नाव देणार नाही.