इस्तंबूलच्या बॉस्फरस सामुद्रधुनीत प्रवाह कोणत्या दिशेला वाहतो? पायलटशिवाय, म्हणजे तिथलं पाणी जाणणाऱ्या स्थानिक वाटाड्याशिवाय, जहाज नेता येतं का?

प्रवाह दोन्ही दिशांना वाहतो. वरचं पाणी काळ्या समुद्राकडून मार्मारा समुद्राकडे आणि तळाचं बरोबर उलट. डॅन्यूब, नीपरसारख्या नद्यांमुळे काळ्या समुद्राचं पाणी कमी खारं, हलकं, पातळीही जराशी वर; भूमध्याकडचं जड पाणी खालून आत शिरतं. मार्सिली या इटालियनाने हे सतराव्या शतकातच मोजलं. एवढं कुठेही वाचायला मिळेल.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र मला बोलायचंच आहे. हो, नेता येतं. या सामुद्रधुनीतल्या वाहतुकीचे नियम ठरवणाऱ्या 1936 च्या माँत्रो करारानुसार नुसत्या पार होणाऱ्या व्यापारी जहाजाला पायलट ऐच्छिक आहे. आमच्या एका कॅप्टनसाहेबांना करारातलं तेवढंच कलम तोंडपाठ होतं. मी तेव्हा थर्ड ऑफिसर. गहू भरून दक्षिणेकडे निघालेलो, म्हणजे प्रवाह पाठीमागून. पायलटची फी वाचवायची म्हणून साहेब स्वतःच उभे राहिले. येनीकॉयचं मोठं वळण नीट पार पडलं आणि त्यांना अजूनच जोर चढला. पुढे कांदिल्ली. तिथे सामुद्रधुनी जेमतेम 700 मीटर, वळण 45 अंशांचं, पलीकडून येणारं जहाज दिसत नाही. आमचं पुढचं टोक संथ पाण्यात गेलं, मागचा भाग जोराच्या प्रवाहात राहिला, आणि जहाज आडवं व्हायला लागलं. सुकाणू पूर्ण फिरवलेलं, तरी वळणं थांबेना. समोरून फेरी भोंगा वाजवतेय. शेवटी इंजिनला जोर दिला तेव्हा कुठे सुकाणूने ऐकलं. किनाऱ्यावरच्या घरांच्या खिडक्या मोजता आल्या असत्या.

मार्मारात आल्यावर साहेब म्हणाले, "झालो ना पार?" मी म्हटलं, नशिबाने. त्यानंतर कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

तुम्ही नवीन ऑफिसर असाल तर ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, स्पष्ट विचारा, पायलट का नको? उत्तरात फक्त पैसे आले तर ते उत्तरच नव्हे. रोज तिथलं पाणी बघणारा माणूस आणि नकाशा बघणारा माणूस यांत फरक असतो, मग खांद्यावर पट्ट्या कितीही असोत.

दक्षिणेचा वारा जोरात सुटला तर वरचा प्रवाहही उलटू शकतो, ते धरून चला. आणि इंजिनच बंद पडलं तर पायलटचाही इलाज चालत नाही. 2018 मध्ये व्हिटास्पिरिट हे जहाज असंच काठावरच्या जुन्या हवेलीत घुसलं. कुणी सांगावं, साहेब आजही हेच उदाहरण देऊन फी वाचवत असतील.