पहिल्यांदा रशियन जेवण? घाबरू नकोस, असं सुरू कर

मॉस्कोत नवीन आलायस ना, मग मोठं रेस्टॉरंट राहू दे, घराजवळच्या साध्या स्तलोवायात म्हणजे त्यांच्या खाणावळीत दुपारी जा, पदार्थ समोर मांडलेले असतात, बोट दाखवून घेता येतं, भाषेचं टेन्शन नाही. पहिलं बोर्श घे. बीटाचं गरम सूप, वर चमचाभर स्मेताना, म्हणजे घट्ट आंबट क्रीम, ते ढवळलं की लालभडक सूप गुलाबी होतं आणि बीटाचा गोडवा एकदम ताळ्यावर येतो. सोबत काळा राय ब्रेड हवाच, त्याशिवाय मजा नाही खरंच.

नवखे इथे चुकतात:
- पहिल्याच घासाला तिखट शोधतात. इथली चव शेपू, लसूण, मिरीची आहे, दोन-तीन वेळा खा मग जमतं.
- भाज्यांचं सूप म्हणजे व्हेज असं धरतात. बोर्श काय, कोबीचं श्ची काय, बहुतेक वेळा मांसाच्या पाण्यातच शिजतं. "बेझ म्यासा?" म्हणजे बिनमांसाचं का, असं आधी विचार. व्हेज असशील तर बटाट्याचे वारेनिकी, म्हणजे कणकेच्या पारीत सारण भरून उकळलेले डंपलिंग, बेस्ट, आणि ईस्टरआधीच्या उपासात बऱ्याच ठिकाणी 'पोस्नये' मेन्यू असतो, त्यात मांस, अंडं, दूध काहीच नसतं.

खलदेत्स, म्हणजे मांसाची थंड जेली, सध्या नको. मांस खात असशील तर आधी पेल्मेनी, म्हणजे मांस भरलेले छोटे उकळलेले डंपलिंग, खा, आणि कसं वाटलं ते नक्की कळव.