वॉरफॅरिन चालू असताना को-एन्झाइम क्यू-१० घ्यावे का?

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. त्यांच्या हृदयात धातूची झडप बसवलेली असून तेव्हापासून वॉरफॅरिन चालू आहे. गेल्या वर्षी कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनची गोळी सुरू झाली आणि त्यानंतर त्यांच्या मांड्या व पोटऱ्या दुखू लागल्या. एका परिचितांनी को-एन्झाइम क्यू-१० हे अँटिऑक्सिडंट पूरक सुचवले आहे. शरीरातच तयार होणारा पदार्थ असल्याने त्याचा अपाय होत नाही, असे ते म्हणतात. ते द्यावे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ही कॅप्सूल वडिलांना कृपया देऊ नका, आधीच दिली असेल, तर तसे त्यांना आजच कळवून पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारी चाचणी; आकडा खाली आला, म्हणजे रक्त लवकर गोठू लागले) तपासून घ्या. को-एन्झाइम क्यू-१०ची रचना 'के' जीवनसत्त्वाशी मिळतीजुळती आहे, आणि वॉरफॅरिन नेमके याच जीवनसत्त्वाचे काम रोखून रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. त्यामुळे हे पूरक सुरू केल्यावर काही रुग्णांचा आयएनआर खाली आल्याच्या नोंदी आहेत. एका छोट्या नियंत्रित चाचणीत असा फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. तरीही धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरली, तर झडप अडकू शकते किंवा अर्धांगवायू होऊ शकतो, म्हणून इथे मला जराही धोका पत्करावासा वाटत नाही.

परिचितांच्या सल्ल्यामागे तर्क जरूर आहे. यकृतात कोलेस्टेरॉल ज्या मार्गाने तयार होते, त्याच मार्गातून हा पदार्थही तयार होतो. स्टॅटिन तो मार्ग वरच अडवते आणि रक्तातील त्याचे प्रमाण घटते. पेशींना ऊर्जा मिळवून देण्यात त्याचा मोठा वाटा असल्याने स्नायूदुखीवर तो उपयोगी पडेल असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु प्रत्यक्ष चाचण्यांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. हृदय अशक्त झालेल्या ४२० रुग्णांवरील, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र नेहमीच्या औषधांच्या जोडीला रोज ३०० मिलिग्रॅम दिल्याने दोन वर्षांत गंभीर घटना कमी झाल्या. तो आजार वेगळा आहे, त्यावरून वडिलांच्या पोटऱ्यांबद्दल काही ठरवता येत नाही.

या दुखण्यावर आधी कॅप्सूल नव्हे, तपासणी हवी. रक्तातील सीपीके (स्नायूंना इजा झाल्यास वाढणारे विकर), थायरॉइड आणि 'ड' जीवनसत्त्व पाहिल्यावर बहुधा दिशा सापडते. स्टॅटिनची मात्रा कमी करणे किंवा गोळी बदलणे हा पर्याय डॉक्टरांकडे असतो. ती गोळी आपणहून बंद करू नका. लघवी गडद तपकिरी झाली किंवा जिना चढण्याचीही ताकद उरली नाही, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.

डब्यावरील लेबल एकदा नीट वाचा. आपल्याकडे अशा पूरकांवर 'औषधी वापरासाठी नाही' असे छापणे बंधनकारक आहे, आणि ती ओळ बहुधा बारीक अक्षरांत मागे असते. निरोगी व्यक्तीला यातून सहसा मळमळ, जुलाब किंवा झोप न येणे यापलीकडे त्रास होत नाही. वडिलांच्या डॉक्टरांनी संमती दिलीच, तर कॅप्सूल जेवणाबरोबर द्या, कारण ती स्निग्ध पदार्थांसोबतच नीट शोषली जाते. सुरू केल्याची तारीख आयएनआरच्या वहीत लिहा आणि पहिले काही आठवडे तपासणी नेहमीपेक्षा लवकर करा. बंद करतानाही हेच करा, कारण तेव्हा आयएनआर उलट वर जाऊन रक्तस्राव होऊ शकतो.