खरं नवं वर्ष कुणाचं?

प्रिय चिऊ,

‘खरं’ नवं वर्ष १ जानेवारीलाच असतं, असं वर्गात कुणी तरी म्हणालं. मग आपण मार्चमध्ये गुढी का उभारतो, असं तू विचारलंस. पोळ्या लाटता लाटता उत्तर दिलं तर अर्धवट राहील, म्हणून लिहून ठेवते.

आधी तुझ्या वर्गमित्रांच्या इंग्लंडचंच बघ. इथे १७५१ पर्यंत कायद्याने नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. १ जानेवारी आला तो १७५२ पासून. (स्कॉटलंडवाले दीडशे वर्षं पुढे होते.) त्याच वर्षी सप्टेंबरातले अकरा दिवसही गाळले, २ तारखेनंतर थेट १४! १ जानेवारी मूळचा रोमचा. इ.स.पू. १५३ पासून तिथले कॉन्सल, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेले मुख्य अधिकारी, त्या दिवशी कारभार हाती घ्यायचे. म्हणजे कचेरीचा दिवस, चंद्र नाही की ऋतू नाही.

आपला पाडवा चैत्रातल्या अमावास्येनंतरचा पहिला दिवस नव्हे हं, ती अमावास्या फाल्गुनाची. तिच्यानंतर चैत्र लागतो. शेतात रब्बीची काढणी उरकत आलेली, झाडाला कैऱ्या, कडुलिंबाला कोवळी पालवी. बारा चांद्रमासांचे दिवस भरतात साधारण ३५४, म्हणून पाडवा दर वर्षी अकरा-एक दिवस अलीकडे सरकतो. तो सरकत सरकत थंडीत जाऊ नये म्हणून सुमारे पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालतात. या वर्षी, २०२६ मध्ये, ज्येष्ठ दोनदा आहे.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. पंचांगावर ‘शालिवाहन शके १९४८’ लिहिलंय. आजी सांगते ती गोष्ट तुला पाठ आहे: पैठणच्या कुंभाराच्या पोराने मातीचे सैनिक जिवंत केले आणि शत्रूला हरवलं. शालिवाहन म्हणजे सातवाहन, असं मानतात. त्यांच्यातल्या गौतमीपुत्र सातकर्णीने मध्य आशियातून आलेल्या शक लोकांच्या क्षहरात घराण्याचा राजा नहपान याचा खरोखरच पराभव केला. नाशिकच्या लेण्यातल्या शिलालेखात त्याला शकांचा नाश करणारा म्हटलंय. नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाची हजारो चांदीची नाणी सापडली, त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला! पण इ.स. ७८ पासूनची ही कालगणना सातवाहनांनी वापरलीच नाही. ते आपापल्या राज्याची वर्षं मोजायचे. ती वापरली शक क्षत्रपांनी, म्हणजे शकांच्या राजांनी. शालिवाहनाचं नाव तिला कित्येक शतकांनी चिकटलं. जिंकले आपले, आणि वर्षं मोजतोय शकांची! आजीला हे सांगशील तेव्हा जरा बेताने सांग, तिची गोष्ट मला मोडायची नाही.

समोरच्या गुजराती काकूंकडे मात्र नवं वर्ष दिवाळीनंतर, कार्तिकात. त्यांचं विक्रम संवत, इ.स.पू. ५७ पासूनचं. तेव्हा वर्गात भांडू नकोस, नवी वर्षं पुष्कळ आहेत.

आणि तो २५ मार्च गेला कुठे, तर बाबांच्या टॅक्समध्ये. गाळलेले अकरा दिवस धरून, पुढे आणखी एक वाढवून, इथलं करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं. २०२७ चा पाडवा ७ एप्रिलला आहे. आदल्या दिवशी त्यांना शुभेच्छा द्यायला विसरू नकोस.

तुझी आई