संशोधनात खोटेपणा सापडतो, मग वैद्यकशास्त्रावर विश्वास का ठेवायचा?

विश्वास एका शोधनिबंधावर ठेवायचाच नसतो, हे आधी सांगतो. अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरचं उदाहरण घ्या. 1998 साली त्याने ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अवघ्या 12 मुलांवरून एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवला. लस बनवणाऱ्यांविरुद्ध दावा लढवणाऱ्या वकिलांकडून त्याला पैसे मिळत होते, ते त्याने दडवलं. मुलांच्या नोंदीही फिरवल्या होत्या. हे खणून काढलं ब्रायन डीअर या पत्रकाराने; नियतकालिकाच्या तपासनीसांनी नव्हे, आणि मला तेच जास्त खुपतं. निबंध पूर्णपणे मागे घ्यायला 2010 उजाडलं. तोवर ब्रिटनमध्ये लसीकरण घसरलं, गोवर परतला.

उलट 2020 मध्ये त्याच नियतकालिकातला, सुमारे 96 हजार रुग्णांची माहिती असल्याचा दावा करणारा हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधाच्या कोविडमधल्या वापरावरचा निबंध दोन आठवड्यांच्या आत मागे घेतला गेला. कारण बाहेरच्या संशोधकांनी मूळ माहिती मागितली आणि ती दाखवता आली नाही.

म्हणून मी आधी एवढंच बघतो: मूळ माहिती उघड आहे का, आणि दुसऱ्या कुणाला तोच निष्कर्ष मिळाला का? लस-ऑटिझमबाबत तो मिळाला नाही. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलं तपासूनही नाही.