हॅम्बुर्गला निघालेल्या चित्रकार मुलीला

तुझा प्रश्न वाचला. अभिनव कला महाविद्यालयातून शिकलीस, सात वर्षं पुण्यात मुलांच्या पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची चित्रं काढतेस, नवऱ्याला हॅम्बुर्गला नोकरी लागली, सप्टेंबरात निघताय. आणि धास्ती ही की ‘तिथे मला कोण ओळखणार? आपणहून बोलायला जाणाऱ्यातली मी नाही.’ नऊ वर्षांपूर्वी मी अशीच गेले, त्याच गावी. सध्या महिनाभर आईकडे सहकारनगरला आलेय आणि पाऊस बाहेर पडू देत नाहीये, म्हणून सविस्तर लिहिते. वयाने लहान आहेस म्हणून एकेरीत लिहितेय. तिकडे हे असं परस्पर चालत नाही. चित्रकार एकमेकांना पहिल्या भेटीत ‘डू’, म्हणजे ‘तू’, म्हणतात, पण प्रकाशनसंस्थेतल्या बाईंना पहिल्या मेलमध्ये ‘झी’च, म्हणजे ‘तुम्ही’. त्यांनी आपणहून ‘डू’ म्हणूया असं सुचवलं, की मग.

लाजाळूपणाचं मनावर घेऊ नकोस. पुण्यात तुला ओळखी कराव्या लागल्याच नाहीत. वर्गातल्या मुली आज एजन्सीत नाहीतर प्रकाशनात, कागद घ्यायला अप्पा बळवंत चौकात गेलं की कुणीतरी भेटतंच, आणि संपादक कुणाच्या तरी मावशीचे शेजारी निघतात. सगळं आयतं. तिथे हे नाही, बडबड्या मुलीलाही नाही.

पहिल्या हिवाळ्यात मी भेटेल त्याला ‘या एकदा घरी’ म्हणायचे. कुणी आलं नाही. मी मनातल्या मनात अख्ख्या जर्मनीवर रुसले. शेवटी आमच्या जिन्यातल्या एकीने विचारलं, ‘तू सारखी बोलावतेस, पण तारीख का सांगत नाहीस?’ तारीख सांगितली तेव्हा तीन आठवड्यांनंतरची ठरली, आणि त्या दिवशी चार म्हणजे चारला ती घरचा केक घेऊन दारात. तेव्हा कुणी डायरी काढून लांबचा दिवस दिला तर त्याला टाळाटाळ समजू नकोस.

कामाच्या ओळखींसाठी ‘इलुस्ट्राटोरेन ऑर्गानिझात्सिओन’ या चित्रकारांच्या संघटनेचं नाव लिहून ठेव. २००२ मध्ये सुरू झाली. तिचे ठिकठिकाणी श्टामटिश असतात, म्हणजे ठरलेल्या दिवशी ठरलेल्या पबमधलं ठरलेलं टेबल. आधी मेल करून विचार आणि जा. पहिल्या दोन वेळी मी सफरचंदाचा रस घेऊन कोपऱ्यात बसले, निम्मं कळलं नाही. तिसऱ्या वेळी ऐटीत सांगितलं, एका खेळण्यांच्या कंपनीचं काम मिळालंय, बारा चित्रं, सहाशे युरो. रुपयांत गुणून मी खूश होते.

टेबल एकदम गप्प. समोरच्या पन्नाशीच्या बाईंनी आपला ग्लास उचलला, खालचा गोल पुठ्ठा ओढला आणि पेन काढलं. एका चित्राला किती तास? किती देशांत वापरणार? किती वर्षं? त्यांच्यापुरतंच, की तुला दुसरीकडे विकता येईल? मला एकाचंही उत्तर देता येईना. पुठ्ठा माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, ‘तू एवढ्यात दिलंस, की उद्या मलाही एवढ्यातच मागतील.’ मला रडू फुटायचं बाकी होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मेल: कंपनीला काय लिहायचं, त्याचा तयार मसुदा. आज तिथली माझी सगळ्यात जवळची मैत्रीण तीच, आणि तो पुठ्ठा माझ्या टेबलासमोर टाचलेला आहे.

त्या प्रश्नांमागे कायदा आहे. जर्मनीत चित्राचा कॉपीराइट विकताच येत नाही. तो काढणाऱ्याचाच राहतो, गिऱ्हाइकाला आपण फक्त वापराचे हक्क देतो. आपल्याकडे १९५७ च्या कायद्याप्रमाणे सगळे हक्क लिहून देता येतात, आणि आपण देतोही, बऱ्याचदा न वाचता. इथे दुसऱ्या चित्रकाराला ‘मानधन किती मिळालं?’ विचारणं अजून आगाऊपणाचं वाटतं. तिथे चित्रकारांच्या गप्पा सुरूच तिथून होतात. तू मितभाषी ना? मग हाच प्रश्न विचार. हवापाण्यापेक्षा सोपा आहे.

घरी बसून काम करू नकोस. अनेक चित्रकार मिळून एक स्टुडिओ भाड्याने घेतात, त्यात एक टेबल घे, आठवड्यातले दोन दिवस का होईना. पहिली कमाई टेबलाच्या भाड्यात जाईल, जाऊ दे. दुपारचं जेवण सगळे एकत्र घेतात आणि तिथेच कळतं की कुणाच्या हातात जास्तीचं काम आहे. माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि तिचं शालेय पुस्तकाचं काम माझ्याकडे आलं. नऊ वर्षांत मी पाठवलेल्या अनोळखी मेल्समधून मला तीन कामं मिळाली. बाकीची सगळी दुसऱ्या चित्रकारांनी ‘मला वेळ नाही, हिला विचारा’ म्हणून दिलेली.

तरी हॅम्बुर्गला कार्लसन, ओएटिंगर असे मुलांच्या पुस्तकांचे मोठे प्रकाशक आहेत, त्यांना पाठव जरूर. पण पोर्टफोलिओत हत्ती, फेटे, मोर पुढे ठेवू नकोस. मी ठेवले, आणि पहिली दोन वर्षं मला फक्त हत्तीच आले. दिवाळी अंकांतली तुझी विनोदी, बिनशब्दांची चित्रं पुढे ठेव. शि. द. फडणिसांची ‘मोहिनी’ची मुखपृष्ठं मी तिथल्या लोकांना दाखवते, एक अक्षर समजावावं लागत नाही.

नवरा ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर असेल तर व्हिसासाठी तुला जर्मनचं प्रमाणपत्र मागणार नाहीत, आणि बायका तिथेच फसतात. बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवनात आत्ताच नाव घाल. कामाचे मेल इंग्रजीत निभतात, पण पबमधल्या टेबलावरचा विनोद जर्मनच असतो. ‘मोइन’, म्हणजे तिथला नमस्कार, एवढं तर आत्ताच शिक, हॅम्बुर्गला दिवसभरात कधीही चालतं.

केएसके ही कलाकारांची सामाजिक विमा योजना. तिच्यात गेलीस की आरोग्य विमा आणि पेन्शनचा जवळपास अर्धाच हप्ता तुला भरावा लागतो. वर्षाला ३९०० युरोंच्या वर कमाईची अट आहे, पण नव्याने सुरुवात करणाऱ्याला पहिली तीन वर्षं ती नाही. अर्जाला बिलं आणि करार लागतात, म्हणून पहिल्या दिवसापासून सगळं जपून ठेव. तो फॉर्म भरायला माझ्याजवळ स्टुडिओतल्या दोघी बसल्या होत्या. एकटीने भरायचा म्हटलं तर डोकं फिरेल.

आपली मराठी माणसं भेटतीलच. गणपतीत, पोह्यांना, आजारपणात तीच धावून येतात. कामाची आशा मात्र ठेवू नकोस. मला त्या गोतावळ्यातून आजवर एक मुंजीची पत्रिका मिळाली, तीही प्रेमाखातर.

निव्वळ मैत्रीसाठी रविवारी बाहेर बसून चित्रं काढणाऱ्यांत जा. हॅम्बुर्गातल्या अल्टोना भागाचा मासळीबाजार १७०३ पासूनचा, उन्हाळ्यात पहाटे पाचला भरतो आणि साडेनऊला आटोपतो. विक्रेते असे ओरडतात की मंडईत उभं असल्यासारखं वाटावं. आमच्यात एक नर्स आहे, एक निवृत्त बसचालक. मान खाली घालून काढत बसायचं, शेवटी वह्या मांडून एकमेकांच्या बघायच्या. बोलायला विषय समोर पडलेला असतो. मात्र एकदा जाऊन काही होत नाही, मला चौथ्या रविवारी नावाने हाक मारली.

या रविवारी सकाळी सातला मी मंडईत असेन, १८८६ च्या त्या जुन्या इमारतीच्या पायऱ्यांजवळ, पाऊस असला तर आत भाजीवाल्यांच्या बाजूला. वही घेऊन ये. शिवाय तुझ्या चित्रांची आठ-दहा पोस्टकार्डं छापून आण, मागे नाव आणि मेल. ऑक्टोबरात फ्रँकफुर्टच्या पुस्तकमेळ्याला जाताना चार मी बरोबर नेईन.