टाके घालायचे, टाकायचे की वाढवायचे?

दारव्ह्याकडच्या एका ताईंनी विचारलंय: तान्ह्या बाळाचा स्वेटर विणताना पाठ काखेपर्यंत आली, की बाहीसाठी कडेला नवे टाके घ्यावे लागतात. पुस्तकात 'टाके घाला' असतं, सासूबाई 'टाके टाक' म्हणतात, जाऊबाई 'टाके वाढव'. बरोबर कोणतं?

ताई, पुस्तक आणि सासूबाई एकच सांगताहेत. आपल्या वऱ्हाडात भाजीत मीठ टाकतात, पुण्याकडे घालतात. मग सुईवर टाके टाकले तर बिघडलं कुठे? मला तर 'टाके टाक' कानाला गोडच लागतं.

जाऊबाईंचा शब्द मात्र वेगळ्या कामाचा. टाका वाढतो तो असलेल्या विणीतून. एकाच टाक्यात दोनदा विणलं, किंवा दोन टाक्यांमधला आडवा धागा उचलून विणला, की एक टाका जास्तीचा होतो. वीण हळूहळू रुंदावते, कड तिरपी जाते. तुमच्या बाहीला कड एकदम काटकोनात वळायला हवी. ओळ संपली की काम उलटायचं, पहिल्या टाक्यातून नवा फास ओढून डाव्या सुईवर चढवायचा, मग त्या नव्या टाक्यातून पुढचा. असे २४. या टाक्यांच्या खाली वीणच नाही. पाया घालावा तसे ते घालावे लागतात. दोन्ही बाजूंना एकदम येत नाहीत, कारण दोरा एकाच टोकाला असतो. पाठ ५० टाक्यांची असेल तर आधी ७४ होतात, पुढच्या ओळीला ९८.

काजाचंही तेच. ३ टाके बंद करायचे, पुढच्या ओळीत त्याच जागी ३ घालायचे. तिथे अंगठ्यावर दोऱ्याचा वेढा घेऊन सुईवर चढवला तरी पुरतं. इथे कुणी 'वाढवा' लिहिलं, तर नवखी मुलगी शेजारच्या टाक्यातून वाढवेल आणि काज ओढलं जाईल. (गळपट्टीला विणलेल्या कडेतून घेतो ते 'टाके उचलणे', ते निराळं.)

लिहून देताना 'कडेला नवे २४ टाके घाला' असं लिहा. 'कडेला नवे' हे दोन शब्द गाळू नका, नाहीतर वाचणारीला वाटेल, पहिल्यापासून सुरुवात करायची आहे.

मला विणकाम शिकवणाऱ्या शेजारच्या काकू म्हणायच्या, "आता अठून बाही फुटू दे. पऱ्हाटीले फांदी फुटते ना, तशी." माझ्या वहीत त्या ओळीसमोर मी अजूनही 'बाही फुटली' एवढंच लिहिते.